खालची चीर
रस्त्यावर डांबर उकळू लागलं की माझं डोकं अजून तापतं. ऐंशीच्या दशकात वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात जुन्या शेतातला एकच आंबा उरला होता, आणि जमीन गेलेला म्हातारा शेतकरी दर उन्हाळ्यात त्याला बघायला यायचा. सेक्रेटरींनी खिडकीवर आलेली मांडीएवढी फांदी तोडायला घेतली तेव्हा तो त्यांना म्हणाला, "आदी खालशी चीर द्या, नायतर साल सोलल." सेक्रेटरी हसले, "काका, झाड आता सोसायटीचं आहे." करवत वरूनच चालली. फांदी अर्ध्यात मोडली आणि खोडाची साल ओरबाडत खाली आली. मी टेपने मोजलं, चार फूट दोन इंच. सेक्रेटरींनी जखमेवर डांबर फासलं, त्याखाली ओल कोंडून खोड तीन पावसाळ्यांत कुजून गेलं. कोकणात आमच्या घरीही आधी खालूनच चीर देतात. हे मी तेव्हा बोललो नाही, नंतर मोजमाप तेवढं केलं.