रबरी माणसाला पाय लागला

आमच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत मला ड्यूटी हवी होती. अट एकच, बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू करायला शिकवणारा दोन दिवसांचा कोर्स पास करायचा. माझ्यामागून आलेले डॉक्टर आयसीयूत रुबाबात फिरत होते आणि मी अजून ओपीडीत सर्दी-खोकलाच बघत होते. मला भयंकर राग यायचा आणि तो मी खोकणाऱ्यांवर काढायचे.

कोर्स सोलापुरातच होता. औषधं, डोस, मॉनिटरवरच्या रेषा, सगळं मला तोंडपाठ. पहिल्या दिवशी सरावाला टेबलं कमी पडली म्हणून आमच्या वाट्याचा रबरी पुतळा सतरंजीवर झोपवला होता. मी टीम लीडर. शॉकचं यंत्र चार्ज करायला लावलं, "सगळे दूर!" म्हणून ओरडले आणि स्वतः मागे सरताना माझा पाय पुतळ्याच्या हाताला लागला.

झालं! मी वाकले, त्या रबरी हाताला स्पर्श केला आणि बोटं कपाळाला लावली. नेमकं तेव्हाच सहकाऱ्याने शॉकचं बटण दाबलं.

शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आता पेशंट दोन झाले." सगळा हॉल हसला. "उद्या परीक्षेत शॉकच्या वेळी पेशंटला हात लागला, तर मला तुम्हाला पास करता येणार नाही."

मी पुन्हा केलं. पुन्हा पाय लागला, पुन्हा नमस्कार. लहानपणी आईने यासाठी इतके धपाटे घातलेत, की हा नमस्कार मी करत नाही, तो आपोआप होतो.

घरी आले ती रडकुंडीला येऊनच. नवरा म्हणाला, "पायच लांब ठेव ना." लांब ठेवायचा म्हटलं की तो हमखास लागतो.

सासूबाई करमाळ्याच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खाली चादर अंथरली. "सवय मोडायची तर खऱ्या माणसावर मोडायची. मी पडते हितं. हान लात."

"अहो आई, काहीतरीच काय!"

"तुला आयसीयू पायजे का न्हाय?"

त्या पदर सारखा करून, डोळे मिटून आडव्या झाल्या. नवरा पातेल्यांची दोन झाकणं घेऊन यंत्र झाला. मी ओरडले, "सगळे दूर!" पाय लागला. मी वाकले. झाकणं वाजली.

"मेलीस," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पुन्यांदा."

मी बऱ्याचदा मेले. मग त्यांनीच युक्ती काढली, की ओरडतानाच दोन्ही हात वर करायचे आणि झाकणं वाजेपर्यंत खाली आणायचे नाहीत. ते जमायला लागलं तेवढ्यात शेजारीण दारात आली. सासू जमिनीवर, सून हात वर करून तिला लाथ मारतेय आणि मुलगा झाकणं वाजवतोय.

"या की, बसा," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "सुनंची परीक्षा हाय उद्या."

शेजारीण काही बसली नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षेतही पुतळा सतरंजीवरच होता आणि पाय लागला तो थेट त्याच्या कानाला. माझे हात वर गेले ते खाली आलेच नाहीत. शॉक बसला. बाकीच्यांनी पुन्हा छाती दाबायला घेतली आणि थोड्या वेळाने मॉनिटरवर ठोके नीट दिसायला लागले. सर हसून म्हणाले, "पास. पण हात खाली घ्या आता."

घरी आले तेव्हा सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. कालच्या सगळ्या लाथांचा नमस्कार बाकी होता. एवढं माझ्यासाठी माझ्या आईनेही केलं नसतं. मी त्यांच्या पायाशी वाकले, तर त्यांनी मेथीसकट दोन्ही हात वर केले.

"सगळे दूर!" त्या ओरडल्या. "आदी सांग, मानूस जगला का?"

"जगला."

"मग कर आता," म्हणाल्या आणि पाय पुढे केले.