चौथ्या खंडाच्या पाठीतले पाणी

सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागल्या अंगाला, जिन्याखाली, एक चिंचोळी पण उजेडाची खोली होती. उसवलेली, पाठ मोडलेली पुस्तके तिथे येत आणि चार दिवसांनी पुन्हा ताठ होऊन कपाटात जात. एकतीस वर्षे ही शुश्रूषा एकाच बाईंच्या हातून चालली होती. त्यांना सगळे डिंकमावशी म्हणत. खुद्द ग्रंथपालही म्हणत.

इतकी वर्षे टेबलावर ओणवे होऊन मावशींची मान आखडली होती. डॉक्टरांनी गळ्याभोवती जाड पट्टा बांधला होता आणि खाली वाकायला सक्त मनाई केली होती. म्हणून त्या टेबलाखाली चार विटा लावून उभ्यानेच काम करीत. कोणी हसून अभिवादन केले तरी मान हलत नसे, आणि नवख्या माणसाचा समज होई की बाईंना फार शिष्टपणा आहे. मावशी खुलासा करीत बसत नसत.

त्यांचे नेम दोन. जे बांधायचे ते आधी वाचायचे, हा पहिला. दुसरा त्यांच्या उस्तादांचा: पुस्तकाचे पुस्तकातच राहू द्यावे. डिंकाने चिकटवलेले स्वस्त पुस्तक पुन्हा बांधताना पाठीकडचा काठ दोन सूत, म्हणजे पाव इंच, कापून काढावा लागतो. ते कातरण इतरत्र केरात जाते. मावशी मात्र त्या बारीक पट्ट्या एकावर एक रचून त्याच पुस्तकाच्या पाठीत भरणा म्हणून चिकटवीत आणि वरून कापड ओढीत.

या पहिल्या नेमामुळेच साठीच्या उंबरठ्यावर त्यांना जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, वेड लागले. एका दीर्घ कथेचे सतरा खंड वाचकांनी वाचून वाचून जर्जर केले होते. ती पुस्तके उजवीकडून उघडतात हे ठाऊक नसल्याने पहिल्या खंडाचे नाव मावशींनी मागच्या पुठ्ठ्यावर छापले. "मावशी, तू तर गोष्ट शेवटापासून सुरू केलीस!" म्हणून त्यांच्याकडे राहणारी भाची पोट धरून हसली होती. त्याच भाचीने त्यांना शनिवारच्या मंडळीत नेऊन बसवले.

ही मंडळी वाचनकक्षातल्या लांब टेबलाशी जमे आणि एकाच प्रश्नाचा कीस काढी: कथेतल्या जासुदाच्या अंगी हे अमानुष बळ येते कुठून? हा तरुण नदीपार निरोप पोचवतो, एकटा दहांना लोळवतो, डोक्याचे फडके कधी सोडत नाही आणि राजापुढेही वाकत नाही. त्यापायी फटके खातो, पण वाकत नाही. जपानच्या पुराणकथांत नाना योनी आहेत; त्यांतली याची कोणती, यावर तर्क लढवायचे. नियम एकच होता: पान दाखवल्याशिवाय बोलायचे नाही. अठरावा, शेवटचा खंड येण्याआधी मंडळी एक तर्क निवडून त्याचे कार्ड फलकावर लावणार होती.

पारडे औषधवाल्यांकडे झुकले होते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात उभे राहणारे हे गृहस्थ फार वाचलेले आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारे. त्यांच्या मते जासूद म्हणजे तेंगू: डोंगरात राहणारा, पंखांचा, लांब नाकाचा आणि गर्वासाठी प्रसिद्ध असा जीव.

"सहाव्या खंडात, पान अठ्ठ्याऐंशी, कड्यावरून झेप घेतो," ते बोट आपटून म्हणाले. "आणि वाकत का नाही? गर्व! तेंगूचा गर्व. सरळ आहे."

"गर्व नाही तो," मावशी म्हणाल्या. "तो कप्पा आहे."

"कपाटातला?" औषधवाल्यांनी विचारले, आणि टेबल हसले.

मावशीही हसल्या. "पाण्यातला. डोक्यावर वाटीसारखी खळगी असते, त्यात पाणी. ते पाणी आहे तोवर बळ. खाली वाकला की पाणी सांडलं, बळ गेलं. तो वाकत नाही, कारण त्याला वाकता येत नाही." हे म्हणताना त्यांचा हात नकळत गळ्याच्या पट्ट्यावर गेला.

"छान आहे हो. पान?"

पान होते. चौथ्या खंडात, जोडपानावर, जासूद ठेच लागून पुढे झुकतो आणि पुढच्या चौकटीत निपचित पडतो. मंडळींचा समज होता की शत्रूने विष दिले. मावशींनी मात्र खंड सुटा केला तेव्हा दोन पानांच्या मधला, डिंकात बुडालेला काठ पाहिला होता. तिथे फडक्याखालून निघालेली एक रेघ होती आणि काही थेंब होते. बांधलेल्या पुस्तकात ती जागा कोणालाच दिसत नाही. त्यांनी पाहिली, वाचली आणि नेहमीच्या हाताने दोन सूत काठ कापून टाकला. त्या वेळी कप्पा हा शब्दही त्यांना माहीत नव्हता.

"कापलं मी ते," मावशी म्हणाल्या.

"मग राहिलं," औषधवाले म्हणाले. स्वर दुष्ट नव्हता. "पान नाही तर म्हणणं नाही. पुढच्या शनिवारी शेवटचा खंड येतोय. तोवर तेंगू."

घरी येताच भाची म्हणाली, "जाऊ दे ना गं. शनिवारी पुस्तकच सांगेल खरं काय ते."

"तेव्हा सगळ्यांनाच कळेल. मला आत्ता कळलंय. खोटी पडले तर चालेल, पण म्हणणं ऐकून तरी घेतील."

सोमवारी त्या ग्रंथपालांसमोर उभ्या राहिल्या. "चौथा खंड फोडायचाय. कापलेलं कातरण त्याच्याच पाठीत आहे."

"अहो, तुम्हीच बांधलाय ना? किती सुरेख आहे!"

"म्हणूनच विचारतेय. शनिवारी परत देते."

ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले. "शुक्रवारी द्या. त्याला सात जणांची रांग आहे."

"शनिवार," मावशी म्हणाल्या, आणि मान हलली नाही. ग्रंथपालांनी नोंदवहीत शनिवार लिहिले.

आपणच घातलेली बांधणी उकलण्याइतके कठीण काम या व्यवसायात दुसरे नसेल. हात ज्यासाठी एकतीस वर्षे घडला, त्याच्या उलट त्याला चालवायचे. मावशींनी पाठीचे कापड सोडवले. आत पट्ट्यांचा थर खळीने दगडासारखा झाला होता. सुरी लावली तर कागद फाटणार; पाणी ओतले तर त्याचा लगदा होणार. त्यांनी टिपकागद ओला करून पिळला, थरावर ठेवला आणि वाट पाहिली. मग हाडाच्या बोथट पट्टीने एकेक काठ उचलला. सोमवारी अकरा पट्ट्या निघाल्या. मंगळवारी चाळीस, आणि तीन फाटल्या. फाटलेली प्रत्येक पट्टी त्या उजेडात धरून पाहत: हीच तर ती नसेल?

कापडावर वाळत घातलेल्या पट्ट्या त्या एकेका पानाशी लावून पाहत होत्या. कुठे ढगाचा तुकडा जुळे, कुठे कोणाचे कोपर. बुधवारी मानेतून अशी कळ आली की अर्धा दिवस भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागले. गुरुवारी दुपारी एक पट्टी जोडपानाच्या उजव्या अंगाला लागली, दुसरी डाव्या. रेघ फडक्याखालून निघाली, मधला काठ ओलांडून गेली, आणि तिच्या टोकाशी पाच थेंब होते.

मावशींनी हात धुतले आणि पातळ कागदाची पट्टी मागून लावून ते जोडपान चित्रकाराने रेखले तसे सलग केले.

शनिवारी अठराव्या खंडाचे पुडके टेबलावर न उघडता ठेवले होते. त्याच्या शेजारी मावशींनी जोडपान पसरले. औषधवाल्यांनी खिशातून भिंग काढले. ते एकेका थेंबावरून फिरवले.

"शाईचे शिंतोडे असतील," ते म्हणाले, मग स्वतःच, "नाही. शिंतोड्यांना सावली कुठली असायला?" त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवले. "विष नव्हतंच मग. दोन वर्षं मी गर्व गर्व म्हणत बसलो." फलकावरचे तेंगूचे कार्ड त्यांनी आपल्या हाताने उतरवले आणि कोरे कार्ड मावशींपुढे सरकवले. "लिहा. अक्षर मात्र वाचता येईल असं काढा."

मावशींनी लिहिले. फलकावर टाचणी बसली, आणि मगच पुडक्याची दोरी सुटली.

सगळे त्या खंडावर तुटून पडले. मावशी जिन्याखालच्या खोलीत गेल्या. चौथा खंड अजून सुटा होता, आणि शब्द शनिवारचा होता. त्या पाठीला खळ लावत असताना भाची धावत आली. मागोमाग दारात औषधवाले उभे राहिले, अंगठा शेवटच्या पानात अडकवून.

"मावशी, वाकला तो," भाची म्हणाली.

मावशींचा कुंचला थांबला. "कुणापुढे?"

"त्याला वाढवणाऱ्या नावाडीणबाईपुढे. आपणहून."

"आणि पाणी?"

"सांडलं," औषधवाले म्हणाले. "सगळं."

मावशींनी पाठीवर कापड ओढले, कडा हाडाच्या पट्टीने बसवल्या आणि खंड शिकंज्यात घालून दांडा फिरवला. सात जण रांगेत होते.