सोललेल्या नारळाच्या खेळातला उजवा कौल

आधीच सांगून टाकतो — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बँकेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला भुताची भीती उरत नाही. त्याने ऑडिटवाले पाहिलेले असतात. या सदरातले अनुभव मी रविवारी चहाबरोबर वाचतो आणि "लोकांना वेळ फार" म्हणून बायकोकडे सरकवतो. परवा तीच म्हणाली, "मग तुमचा का नाही लिहून पाठवत?" म्हणून हे... पटलं तर घ्या.

गोष्ट २००५-०६ च्या सुमाराची. माझी बदली चेन्नईला झाली होती. वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनपासून सात मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. लिफ्ट नाही. घरात मी, बायको सुमन, इंजिनिअरिंगला असलेली मुलगी ऋचा आणि कोकणातून आणलेली माझी आई. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, तीन वर्षांपूर्वी गेले होते. पोस्टमास्तर होते. उंची पाच फूट तीन इंच. आयुष्यात कधी एस.टी.च्या मागेसुद्धा पळाले नाहीत... "पुढची येईल" म्हणायचे आणि बाकावर बसायचे.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. एका संध्याकाळी ती खुंटीवरच्या माझ्या रेनकोटशी दहा मिनिटं बोलत होती. वर तिचं म्हणणं, "आज कधी नव्हे ते नीट ऐकून घेतलंस." हसलो आम्ही. पण पुढच्याच आठवड्यात जिन्याची शेवटची पायरी तिला दिसली नाही. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं — आणखी थांबलात तर ऑपरेशन अवघड होऊन बसेल.

आईचं एकच उत्तर. "कौल लावल्याशिवाय डोळ्याला सुरी लावून घेणार नाही."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे मोठ्या कामाआधी ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या लावतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नाही. माझं लग्न, माझी बँक, माझी मुंज, सगळं उजव्या पाकळीवर झालेलं. आता देव कोकणात, आई मांबलममध्ये, आणि दोन दिवसांचा प्रवास तिला झेपणारा नव्हता.

"फोन करून गुरवाला लावायला सांगू?" मी विचारलं.

"देव काय ट्रंककॉलवर येतो? ज्याचं काम त्याने समोर बसून विचारायचं असतं."

झालं. सहा आठवडे हेच चाललं होतं.

आता खेळाकडे येतो. माझा मेहुणा अजित अमेरिकेत असतो. तो सुट्टीत आला तेव्हा ऋचासाठी व्हिडिओ गेमचा डबा आणि अमेरिकन फुटबॉलची एक डिस्क ठेवून गेला. डब्याला तिकडची वीज लागायची, म्हणून शेजारी एक ट्रान्सफॉर्मर — तो पिठाच्या गिरणीसारखा गुरगुरायचा. अजित मला उत्साहाने समजावत होता, "भाऊजी, यंदा यात करिअर मोड नवीन आलाय! अख्खी टीम नाही खेळायची, एकाच माणसाचं आयुष्य जगायचं. त्याचे आईबाप आपण निवडायचे, त्याला एजंट मिळतो, मुलाखती होतात, बुद्धीची परीक्षा होते..."

एकतीस वर्षं नोकरी केली, पण माझा करिअर मोड कधी चालू झाला तेच मला कळलं नाही, ते सोडा.

ऋचाने त्यात एक खेळाडू तयार केला आणि गंमत म्हणून त्याला आजोबांचं नाव दिलं. सहा फूट चार इंच, मानेऐवजी दोन्ही बाजूंनी खांदेच, आणि पाठीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'दामले'. आईला सांगितलं, तर ती रोज संध्याकाळी सोफ्यावर येऊन बसू लागली. तिला दिसायचं काय, तर हिरवं काहीतरी आणि त्यात हलणारं पांढरं काहीतरी. ऋचा कॉमेंट्री द्यायची. बॉल सोललेल्या नारळासारखा असतो, हेही तिनेच सांगितलेलं.

"आजी, आजोबांनी बॉल घेतला... पळाले... पाचजण अंगावर पडले!"

"अगं बाई! सोललेल्या नारळासाठी एवढी मारामारी? दुसरा आणून द्या म्हणावं." आणि मग हळूच, "ह्यांना पळताना पहिल्यांदाच पाहत्येय."

एका शनिवारी ती एकदम म्हणाली, "गुरव कशाला हवा? हे समोर आहेत की. उद्या सकाळी आंघोळ करून ह्यांनाच विचारते. उजवीकडे गेले तर ऑपरेशन. डावीकडे गेले तर पुन्हा विषय काढायचा नाही."

सुमनने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. मी ऋचाकडे पाहिलं.

"मी नाही," ऋचा कुजबुजली. "आजीला फसवायचं? तुम्ही खेळा, बाबा."

म्हणजे मी! ज्याला घरचा मिक्सर नीट लावता येत नाही, तो! तरी ऋचाने शिकवलं. खेळात कॅमेरा सतत खेळाडूच्या पाठीमागे असतो. त्याची पाठच दिसते. बॉल हातात आला की हातातल्या रिमोटवरची अंगठ्याखालची दांडी उजवीकडे दाबून धरायची, बस्स. चाळीस वेळा सराव केला. चाळीसही वेळा दामले उजवीकडे धावले आणि चाळीसही वेळा त्यांना कोणीतरी आडवं केलं, पण उजवीकडेच.

रविवारी सकाळी नऊ वाजता आई नेसून, हातात तांदूळ घेऊन सोफ्यावर बसली. टीव्हीसमोर उदबत्ती. त्यातला समालोचक नेहमीसारखा ओरडायला लागला, तशी आई म्हणाली, "देवाच्या कामात ह्या चकाट्या नकोत." मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

आईने गाऱ्हाणं घातलं. "डोळे करून घ्यावेत असं तुमच्या मनात असेल, तर उजवा द्या हो." आणि टीव्हीवर तांदूळ टाकले.

बॉल दामल्यांच्या हातात आला. मी दांडी उजवीकडे दाबली. अंगठ्यावर वळ उठेल इतकी दाबली...

ते पळालेच नाहीत. थांबले. मग सावकाश वळून आमच्याकडे तोंड केलं.

शिरस्त्राणाच्या जाळीतून तोंड काही दिसत नव्हतं. नारळ डाव्या काखेत होता. उजव्या हाताने त्यांनी छातीवर डावीकडे, जिथे शर्टाचा खिसा असतो तिथे, दोनदा थोपटलं. आणि आमच्या डाव्या हाताला चालत निघाले. चालत! विरुद्ध टीमचे ते अकरा राक्षस मागे उभेच्या उभे. कोणी हात लावला नाही. आखलेल्या रेषेबाहेर गेले आणि खेळ थांबला.

माझ्या अंगावर काटा आला, हे खरं. दादा घराबाहेर पडताना अगदी हेच करायचे. उंबऱ्याबाहेर गेल्यावर वळायचे, खिसा दोनदा थोपटायचे, "चष्मा घेतला" म्हणायचे आणि निघायचे. ऋचाला हे ठाऊक असायचं कारण नाही, ती गावाला फक्त मे महिन्यात यायची आणि दादा निघायचे तेव्हा झोपलेली असायची. आणि खेळ बनवणाऱ्या अमेरिकनाला तर नाहीच.

पण खरं सांगू? त्या क्षणी मला भुतापेक्षा डावीकडची भीती जास्त वाटली. संपलं, आता आईचे डोळे गेले. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं बोलून गेलो. "आई... डावीकडे गेले गं."

आईने हात जोडलेले होते. चेहरा शांत. "तुझ्या डावीकडे. तोंड आपल्याकडे होतं ना त्यांचं? कौलात देवाचं उजवं धरतात, आपलं नाही. एवढं ठाऊक नाही, आणि म्हणे मॅनेजर! डॉक्टरला फोन कर."

गुरुवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "पाट्टी, भयप्पडादींगा." म्हणजे आजी, घाबरू नका. आई मराठीत म्हणाली, "घाबरतंय कोण? विचारून आल्येय."

ऋचाने मग महिनाभर तो डबा पिंजून काढला. पुन्हा कधी दामले वळले नाहीत. अजितला मेल केली, त्याचं उत्तर आलं — 'भाऊजी, या गेममध्ये खेळाडू असा वळूच शकत नाही. खेळाडूंना स्वतःच्या लकबी देणार असं पुढच्या वर्षीच्या करिअर मोडच्या नव्या फीचर्समध्ये वाचलंय. पण तुमच्या डिस्कमध्ये ते नाही.'

"पुढची येईल" म्हणणारे आमचे दादा... पुढच्या आवृत्तीतून आले म्हणायचे!

पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी आई सोफ्यावर बसली. समोर दामले उभे.

"हा कोण धटिंगण?"

"आजी, आजोबा गं!"

"ह्यॅ! मांड्या बघ त्याच्या. हे कुठले ते?"

मी म्हटलं, "अगं, मग त्या रविवारी कोण होतं?"

"त्या रविवारी ते होते."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. जिला रेनकोट आणि मुलगा वेगळा ओळखता येत नव्हता, तिला एवढ्या लांबून, एवढ्याशा पडद्यावर, त्यांचं तोंड आपल्याकडे आहे हे दिसलं कसं? मी विचारलं.

"दिसतंय कुठलं मला," आई मटार सोलत म्हणाली. "खिशावर दोन थापा ऐकल्या. बेचाळीस वर्षं दारात उभं राहून ऐकल्यात. वळल्याशिवाय ते कधी थापा मारत नसत. मग चपला वाजत गेल्या, त्यांच्या उजव्या अंगाने."

त्या दामल्याच्या पायात खिळ्यांचे बूट होते. मी आता विचारच सोडून दिलाय. फक्त एक गोष्ट मधूनच आठवते आणि हातातला चहा गार होतो...

टीव्हीचा आवाज बंद होता. मीच केला होता.