आईनं खुडलेली घोळ

काल तोंडवलीच्या घरी कुंपण साफ करताना घाणेरीची पानं हातात चुरडली आणि त्या उग्र वासासरशी मला अंगणाच्या पायरीवर उभी असलेली आई आठवली.

मी तेव्हा तिसरीत होते. धाकटा भाऊ तापानं गेल्यापासून आई खोलीबाहेर येत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. भावानं जीव लावलेलं कासव तेवढं अंगणात फिरायचं. कासव घरात पाळू नये, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. बाजारातल्या कोबीला ते तोंड लावेना, म्हणून मी कुंपणाची रंगीत फुलं पानांसकट तोडून त्याच्यापुढे धरली.

"थांब गो, ती घाणेरी आसा. खाल्ल्यान तर मरात तां."

आई पायरी उतरून आली होती. तिनं माझ्या हातातलं सगळं लांब फेकलं, माझे हात धुतले आणि मला विहिरीकडे नेलं. तिथल्या ओलीत घोळ ही रानभाजी माजली होती. ती खुडताना आई म्हणाली, "ह्येची पाना जाडी आसत, बघ. मोडल्यार पांढरो चीक इलो तर ती घोळ न्हय, टाकून दी."

कासवानं मान बाहेर काढली, घोळीचा एक देठ ओढला आणि सावकाश खाऊ लागलं. आई त्याच्याजवळ बसून बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तू जेवलंस काय गो?"

कित्येक दिवसांनी तिनं मला काही विचारलं होतं. त्या दुपारी आम्ही दोघी एका ताटात जेवलो. त्या मुक्या जिवाचे उपकार मी अजून मानते.