बुटकीची रूपं

जुनी गाडी रंगाला आली की आधी पॉलिशपेपरनं घासावी लागते. वरचा रंग जातो, खालचा दिसतो, त्याच्याखाली अजून एक निघतो. हे थर कुणी, कधी, कशासाठी चढवले ते रंगाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या शेडमध्ये मी चाळीस वर्षं रंग मारतोय. असल्या गोष्टी साठवायच्या म्हणून कुणी साठवत नाही, त्या आपोआप चढत जातात. दुपारच्या चहाला आम्ही जुनी माणसं बसलो की इकडचं तिकडचं होतं आणि बोलणं फिरून फिरून बुटकीवर येतं.

बुटकी म्हणजे अप्पांची स्पोर्ट्स कार. अप्पा म्हणजे गुरुसिद्धप्पा, डाळीचे व्यापारी. घरात कानडी, बाजारात मराठी. तरुणपणी पुण्याच्या एका गृहस्थाकडून त्यांनी ही विलायती गाडी आणली. दोनच सीटा, कापडी टप, लांबलचक बॉनेट, लालभडक रंग. शेजारी उभं राहिलं तर टप आपल्या छातीला लागायचा. कंपनीचं नाव पुढं इंग्रजीत होतं, पण ते प्रत्येकजण वेगळं वाचायचा. म्हणून मग बुटकी.

आज तिला बघून तिच्या कारखान्यातला माणूससुद्धा ओळखणार नाही. त्यात आमचा सगळ्यांचा हात आहे.

*

अप्पांची शेती वळसंगला. गाडी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते शेत दाखवायला तिला घेऊन गेले. बैलगाडीच्या चाकोरीमधला उंचवटा बुटकीच्या पोटाला लागला आणि ती तिथंच बसली. चाकं जागच्या जागी फिरायची, पण गाडी हलेना. शेवटी गड्यानं बैलजोडी आणून ओढून काढली. बघायला अर्धं गाव जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा शेडमध्ये हजर. आमच्याकडं डेंटिंगचं काम रजाकभाई करायचे. अप्पा म्हणाले, "रजाकभाई, हिला उचला."

रजाकभाईंनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "अप्पा, ये बैठनेवाली गाडी है. इसकू खडा करे तो इसका दिल दुखेगा."

"माझी कंबर दुखायलीय, त्याचं काय?"

मग जीपची चाकं आली. ती बसेनात म्हणून मडगार्ड कापून बाहेर काढले, स्प्रिंगांखाली पॅकिंग घातलं. बुटकी वीतभर वर उठली. अप्पा खूश. रजाकभाई मात्र लांब जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिले.

मी विचारलं, "कशी दिसतीय?"

"साडी उचलके पानी में से जा रही, ऐसी."

*

रंगाचं काम माझं. पहिल्यांदा बुटकी माझ्या हाताखाली आली ती एका मयतामुळं.

अक्कलकोटला अप्पांच्या जुन्या गिऱ्हाइकाचे वडील वारले. अप्पा भेटायला गेले. वाड्यापुढं सगळी माणसं मान खाली घालून बसलेली, त्यात ही लाल गाडी येऊन उभी राहिली. पोरं धावली. शेजारच्या बायका खिडक्यांत आल्या. दारात बसलेल्या एका म्हातारीनं अप्पांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कानडीत विचारलं, "मदिवीगि बंदिरेनू?" लग्नाला आलात का?

अप्पांना तिथं बसवेना. परत येताना ते सरळ शेडमध्ये आले, टोपीसुद्धा काढली नव्हती.

"पेंटर, हिला असा रंग द्या की जो लग्नालाबी चालंल अन् मयतालाबी."

चार दिवस मी डब्यात रंग कालवत होतो. त्या वेळी कॉम्प्युटर नव्हता, बोटावर घेऊन उन्हात धरायचं. शेवटी सायीसारखा एक रंग जमला. अप्पांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हां. हा कुणाच्या घरी जाऊन काय बोलणार न्हाय."

*

मग टप फाटला. असलं कापड सोलापुरात मिळेना. अप्पा म्हणाले, सोलापुरात कापड मिळत नाही हे ऐकून घ्यायची मला लाज वाटते. ते विणकरांच्या पूर्व भागात नरसय्याकडं गेले. नरसय्याचे चार माग होते, घरी तेलुगू चालायची. अप्पांनी सांगितलं, जाड सुताचं, काळं, ताडपत्रीसारखं विणा.

पंधरा दिवसांनी नरसय्या कापड घेऊन शेडमध्ये आला. कापड खरंच झकास, पाणी टाकलं तर थेंब ओघळून जावा असं घट्ट. पण दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांचा लाल काठ.

अप्पा म्हणाले, "मी काळं सांगितलं होतं की."

"काळंच हाय की."

"अन् हा काठ?"

नरसय्याला प्रश्नच कळला नाही. "काठ नसला तर कापड कुटं संपलं ते कळणार कसं?"

तीन पिढ्या साड्या विणलेला माणूस. त्याच्याशी कोण वाद घालणार? काठासकट टप शिवला. पहिल्यांदा गाडी धुतली तेव्हा काठाचा रंग सुटला आणि दोन्ही दारांवर गुलाबी ओघळ उतरले. मी डोक्याला हात लावला. नरसय्याला बोलावून घेतलं. तो दोन्ही बाजूंनी फिरला, ओघळांवरून हात फिरवला आणि समाधानानं म्हणाला, "आता गाडीलाबी काठ आला."

*

बुटकीचं नाक माळशिरसच्या रस्त्यावर गेलं. वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, अप्पांना उशिरा दिसली. अप्पांच्या कपाळाला पाच टाके पडले, बुटकीचं पुढचं तोंड मात्र राहिलंच नाही. आम्ही ती ओढून आणली तेव्हा रजाकभाई नुसते बघत बसले. दिवसभर त्यांनी दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावला नाही.

नवं नाक कुठून आणणार? फोटोसुद्धा नव्हता. रजाकभाई म्हणाले, "याद है मेरे कू." वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून ते महिनाभर ठोकत होते. डोळे मिटून तळहात फिरवायचे, जिथं बोट अडेल तिथं परत हातोडी. माझ्या आयुष्यात मी इतकं सुरेख पत्र्याचं काम दुसरं बघितलं नाही.

नाक बसल्यावर अप्पा बघायला आले. पुढं उभे राहिले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. पूर्वी बुटकीच्या पुढच्या जाळीचे कोपरे खाली उतरलेले होते. आता ते वर गेले होते.

"रजाकभाई," अप्पा म्हणाले, "ही हसतीय."

"हौ, अप्पा. पहिले गुस्से में थी. सो जाके भिड गई."

रजाकभाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर शेडमध्ये तसा तळहात कुणाचा झाला नाही. आता सगळे पुट्टी भरतात.

*

एकदा शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. लोकांनी अप्पांच्या मागं लागून बुटकीला उभं केलं. बाकीच्या गाड्या आरशासारख्या चकचकीत, कारखान्यातून काल निघाल्यासारख्या. त्यांच्या मालकांच्या हातात मूळ कागद, मूळ किल्ल्या. आमची बुटकी सायीच्या रंगाची, जीपच्या चाकांवर, काठाची ओढणी घेऊन हसत उभी.

परीक्षक एक तरुण, सभ्य माणूस होता. त्यानं विचारलं, "आजोबा, मॉडेल कुठल्या सालचं?"

अप्पा म्हणाले, "कुठला भाग विचारताय?"

त्यानं हसून फॉर्म पुढं केला. त्यात एक रकाना होता, 'गाडी मूळ स्थितीत आहे काय?' अप्पांनी चष्मा लावला, विचार केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'आम्हीही नाही.'

*

काचबिंदू झालाय हे अप्पांना उशिरा कळलं. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. वर्षभरात सगळं गेलं. माणूस बोलायचा बंद झाला. शेडमध्ये येणं थांबलं.

एका सकाळी त्यांच्या पत्नी गौरव्वा रिक्षातून आल्या. बासष्ट वर्षांच्या बाई, कधी एकट्या बाजारातसुद्धा गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पेंटर, बुटकीवर एल काढून द्या. पुढं अन् मागं."

"शिकणार कोण?"

"मी."

"अप्पांना सांगितलं का?"

"गाडीत बसवल्यावर सांगते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सा महिने झालं, घराबाहेर पडलं न्हाईत. रोज सकाळी उठून गाडीवर हात फिरवत्यात अन् परत येऊन खुर्चीत बसत्यात. मला बघवंना."

मी एल काढला. चांगला मोठा, लाल.

शिकवणारे अप्पाच. मैदानावर ते शेजारी बसायचे, काळा चष्मा लावून, पांढरी काठी मांडीवर आडवी. इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे, "आता दुसरा टाक. घाई नको. ती सांगंल तुला, ऐक." पहिले दोन दिवस गौरव्वा रडल्या. तिसऱ्या दिवशी अप्पा रागावून खाली उतरले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जावा चालत." अप्पा परत येऊन बसले. मी कडेला उभा राहून हे सगळं बघत होतो. दहाव्या दिवशी ते दोघं मैदानाला फेरी मारून आले तेव्हा अप्पा बोलत होते. सहा महिन्यांचं साठलेलं बोलत होते.

लायसन्स आलं. मी थिनरचा बोळा घेऊन एल पुसायला गेलो, तर गौरव्वांनी हात धरला. "ऱ्हाऊ द्या. लोक लांबनं जात्यात."

तेव्हापासून दर सोमवारी दोघं देवाला जाऊन येतात. गेल्या महिन्यात अशाच एका सोमवारी मला गौरव्वांचा फोन आला. होटगी रोडलाच, जवळच. गेलो तर बुटकीची डावी बाजू दारापासून मागपर्यंत खरवडलेली. पुढं एक टेम्पो उभा, त्याच्या फळीला नुसती रेघ उठलेली. कुणाला काही लागलं नव्हतं. गौरव्वा रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, पदराचं टोक हातात पिळत. टेम्पोवाला सांगत होता की तो आपल्या बाजूनंच चालला होता. हवालदार वही उघडून उभे होते.

हवालदारांनी विचारलं, "बाई, नक्की काय झालं? कोण कुणाच्या अंगावर गेलं?"

गौरव्वांनी नुसतं बुटकीकडं बघितलं.

तेवढ्यात बुटकीचं दार उघडलं. अप्पा काठी टेकत उतरले, गाडीला हात लावत लावत पुढं आले आणि आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "साहेब, तिला कशाला विचारता? चूक टेम्पोची. मी सोत्ता बघितलं."

हवालदारांनी त्यांच्या काळ्या चष्म्याकडं बघितलं, मग काठीकडं. मग टेम्पोवाल्याकडं.

टेम्पोवाल्यानं एकदा गौरव्वांकडं बघितलं. मग म्हणाला, "लिवा साहेब. त्यास्नी दिसलंय म्हणल्यावर आपण काय बोलणार."