पहिल्या काचेवरचा हात

चाकणच्या कारखान्यात रुजू झालो त्या सकाळी मी उजव्या हाताचा मोजा काढला, धुऊन ठेवलेल्या पहिल्या काचेला हात टेकवला आणि कपाळाला लावला. गावच्या शाळेत पाटीला नमस्कार करूनच आम्ही अक्षर काढत असू. भोसरीला पत्रा कापणाऱ्या प्रेसशॉपमध्येही मशीनच्या पाया पडल्याशिवाय मी काम सुरू केले नाही. वळलो तर समोरून आमचे पर्यवेक्षक भालेराव सर येत होते. माझ्या अर्ध्या तर्जनीकडे पाहून त्यांनी विचारले, "प्रेसमध्ये गेलं?" मी मान हलवली. "इथं बोट जात नाही. पण इथला बिघाड डोळ्याला दिसत नाही," ते म्हणाले. हीच आमची पहिली ओळख.

सौरपट्टी कशी बनते, हे सरांनी आम्हा कामगारांना शिकवले. काचेवर कॅडमियम टेल्युराइड या रसायनाचा थर बसतो, केसाहूनही कितीतरी पातळ. ऊन तो शोषतो. तयार पट्टीची परीक्षा मात्र अंधाऱ्या खोलीत होते. तिच्याकडून वीज घेण्याऐवजी तिलाच वीज दिली की ती उजळते. तो उजेड आपल्याला दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतो. चांगली पट्टी पडद्यावर सारखी पांढुरकी येते, दोष काळा उमटतो. ती खोली सरांनी माझ्या हवाली केली.

सुरुवातीला निवडक पट्ट्याच तपासत. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक पट्टी येऊ लागली. पहिल्याच दुपारी, त्या दिवसाच्या पहिल्या पट्टीत, पडद्यावर एक काळा पंजा वर आला, कुणी आतून काचेला हात लावून उभे असल्यासारखा. पट्टी बाहेर आणून उन्हात धरली, तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तोच पंजा, पुन्हा फक्त पहिल्या पट्टीत. त्या पंज्याची तर्जनी अर्धी होती. दार लावून मी पडद्यावर हात ठेवला. तो तंतोतंत बसला. रोज सकाळी टेकवत होतो त्या उघड्या हाताचा घाम काचेवर राहून थर बिघडवत होता. नवी नोकरी होती, मी भ्यालो आणि गप्प राहिलो.

पडद्यावरची चित्रे नोंदीत जात, त्यामुळे बातमी पसरली. काच धुण्याच्या कामावर कुरुळीचा कुंडलिक होता. "भावा, पाया खणताना खाली कोन गाडलंय का इचारा कंपनीला," तो हसत म्हणाला. ते हसणे त्याच्याच अंगावर आले, कारण त्याचीही तर्जनी प्रेसने नेली होती. कामगार पुरवणारा ठेकेदार त्याला म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

"साहेब, बोट गेलंय माझं, अक्कल न्हाई. मोजा काढतच न्हाई मी."

"मग काय भूत येतं का रे?"

सरांनी ठेकेदाराच्या हातून बिघाडाच्या अहवालाचा कागद घेतला आणि त्यात लिहिले, 'देखरेख माझी, चूक माझी.' खाली सही केली. कुंडलिकची नोकरी राहिली. सरांकडे येणारी नव्या लाइनची जबाबदारी मात्र दुसऱ्याकडे गेली.

त्याच दुपारी सर माझ्या खोलीत येऊन अंधारात शेजारी बसले. म्हणाले, "गोरे, पहिल्या दिवशी मी पाहिलं होतं. नमस्कार करणाऱ्याला अडवायचं कसं, म्हणून बोललो नाही. तेव्हा सही खोटी नाही. उद्यापासून मोज्यासकट करा. नमस्कार तसाही पोचतो." दुसऱ्या दिवसापासून पंजा उमटला नाही. सरांनी त्यानंतर ही गोष्ट माझ्यापाशी कधी काढली नाही.

पंजा उमटलेल्या त्या पट्ट्या विकल्या नाहीत, कारखान्याच्याच छतावर बसवल्या आहेत. आजही वीज देतात. खालून जाताना अंगावर काटा येतो. भर उन्हात वर माझे हात पसरलेले आहेत आणि ते कुणालाच दिसत नाहीत. खाली कॅन्टीनमध्ये मात्र इतकी वर्षे कुंडलिकलाच 'भुताचा हात' म्हणून हाक मारत. तो हसे आणि ताट उचलून कोपऱ्यात बसे.

सरांनी यंदा वयाची साठ वर्षे पूर्ण केली. त्यांचे गुडघे धड राहोत, नजर अशीच राहो आणि पुढची कितीतरी वर्षे त्यांनी आम्हाला शिकवत राहावे, हे रोजच्या पूजेत मी मागतोच. पण त्यांच्या गौरवासाठी हा लेख लिहायला बसलो आणि दोन ओळींपुढे हात चालेना. म्हणून गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगितले की तो पंजा माझा.

कुंडलिकने कोपऱ्यातून ताट उचलून माझ्यासमोर आणून ठेवले. "मला ठावं व्हतं राव," तो म्हणाला. "तू कवा बोलतो, त्येच बघत व्हतो."

तिथून मी कार्यालयात गेलो, जुना अहवाल काढायला लावला आणि सरांच्या सहीखाली माझे नाव लिहिले.