विद्यादानाचा कॉलम

कांबळेकाका काल गेले.

माझी आयुष्यातली पहिली शिकवणी या माणसाने फोनवरच मोडली होती. म्हणून मी कॉम्प्युटरचा पदवीधर आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट.

मी संस्कृत घेऊन बी.ए. झालो होतो. म्हणजे घरच्यांच्या मते काहीच झालो नव्हतो.

मामा बहारीनला, सित्र्याच्या रिफायनरीत. तो म्हणाला, "इकडे ये, कॉम्प्युटर शीक, माणसात ये."

गेलो. एका कॉलेजने प्रवेश दिला, स्टुडंट व्हिसा दिला आणि लायब्ररीच्या काउंटरवर काम दिलं.

तिथे साहेब कोण? अकोला जिल्ह्यातले कांबळेकाका. पांढरा हाफ शर्ट, खिशात हिरव्या शाईचं पेन.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे टाइमशीट ठेवलं.

"पाह्य. काम फक्त कॅम्पसमंदी. आठवड्याचे पंधरा तास. सोळावा तास तू केला तरी मी लिहिणार नाई, आन् करू तर देणारच नाई. बाहेर काम करतानी सापडला, तर व्हिसा खलास."

मी मान डोलावली. पाठांतर माझं पक्कं होतं. अर्थाकडे लक्ष देण्याची सवय मात्र नव्हती.

शेवटच्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी अथर्वशीर्ष म्हटलं. उच्चार बरे असावेत, कारण माहूज भागात राहणाऱ्या एक काकू प्रसादाच्या रांगेतच मला भेटल्या. यजमान बँकेत, मुलाला शाळेत संस्कृत.

"याला शिकवाल का? दक्षिणेचं आम्ही बघू."

मी लगेच हो म्हटलं. खोलीवर फोन नव्हता, म्हणून नंबर दिला लायब्ररीचा.

एवढी हुशारी फक्त संस्कृतचा विद्यार्थीच करू जाणे.

दोन दिवसांनी फोन वाजला. काकांनी उचलला. बराच वेळ ऐकून घेतलं.

"ताई, तो इथं पुस्तकं देते. बाहेर काई देत नाई." आणि ठेवला.

मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काहून रे शास्त्रीबुवा? शिकवणी?"

मी सांगितलं की काका, हे काही काम नव्हे. हे विद्यादान. आपल्याकडे विद्या विकत नाहीत.

"मंग त्या बाई पाकिटात काय देणार होत्या?"

"दक्षिणा."

काकांनी टाइमशीट उचललं, वरपासून खालपर्यंत वाचलं, उलटून मागेही पाहिलं.

"याच्यात विद्यादानाचा कॉलम नाई बावा."

त्याच सत्रात एक विद्यार्थी ओळखीच्याच्या दुकानात बिलं फाडताना सापडला होता. त्याचं सामान त्याच्या मित्रांनी बांधलं. परीक्षा द्यायची राहिली ती राहिलीच. हे मला माहीत होतं. पण तो दुकानात होता, आणि मी तर श्लोक शिकवणार होतो!

"असं कर," काका म्हणाले, "रजिस्ट्रारले लिहून इचार."

मी दीड पानाचा अर्ज लिहिला. त्यातलं पहिलं वाक्य नवव्या ओळीत संपत होतं. काकांनी हिरव्या पेनाने सगळं छाटून तीन ओळी ठेवल्या.

रजिस्ट्रार इजिप्तचे. त्यांनी दोनच ओळी वाचल्या. "ऑफ कॅम्पस? मफी." म्हणजे नाही.

मी दोन दिवस काकांशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पंधरा तास मात्र बरोबर भरले.

जूनमध्ये निकाल लागला. पास. परत जायला तीन आठवडे होते.

शेवटच्या टाइमशीटवर आधी माझी सही झाली, मग काकांची. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली.

"आता तू माह्या हाताखाली नाई. एक इचारू?"

"विचारा ना."

"माही सुजाता आठवीत हाये. तिले संस्कृत हाये शाळेत. वर्षभर नापास होऊन राहिली. शिकवशीन? फी नाई, पाकीट नाई. रजिस्ट्रारले इचारून आलो. फुकट असंन तर चालते म्हणे."

वर्षभर!

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून पुस्तकांवर शिक्के मारत होतो, आणि घरी त्यांची लेक शब्द चालवताना रडत होती.

"काका, आधी का नाही सांगितलंत? तुमच्याकडून मी काय घेणार होतो?"

"तुह्या टाइमशीटवर माही सही होती. म्या म्हटलं असतं, तर तू नाई म्हणू शकला असता काय?"

मी त्यांच्याकडून घरचा पत्ता लिहून घेतला.

तीन आठवडे मी रोज अरादला त्यांच्या घरी गेलो. सुजाता मराठी ऐकायची आणि इंग्रजीत भांडायची, द्विवचनावरून तर रोजच.

"दादा, व्हाय डू दे नीड अ सेपरेट फॉर्म फॉर टू पीपल?"

स्वयंपाकघरातून काका: "टाइमशीटवर सह्या दोन लागतात ना, म्हून."

काकू रोज जेवायला थांबवायच्या. पहिल्या दिवशी मी संकोचलो, तेव्हा काकांनी ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खाय. जेवणाचाबी कॉलम नाई."

त्यांचे आजोबा शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले, हे मला काकूंकडून कळलं. काका त्याबद्दल कधी बोलले नाहीत. सुजाता मोठ्याने शब्द चालवायला लागली की ते फक्त टीव्हीचा आवाज कमी करायचे.

सहामाहीत ती पास झाली. पत्र आलं, चार ओळींचं, हिरव्या शाईत.

पुढे मीही साहेब झालो. हाताखालच्या माणसाला घरचं काम सांगायचा मोह मला अनेकदा झाला. दर वेळी ती खुर्ची आठवली.

काल सुजाताचा फोन आला. "पापा गेले, दादा." एवढं मराठीत. मग बराच वेळ इंग्रजीत.

काका, हे मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. तुम्ही तर सांगितलंच नसतंत.

स्वतःहून लिहितोय. तासांत धरू नका.

जय भीम, काका. सावकाश जा.